दोन तारपे आणि राऊत सरांच्या दीर्घिका

राऊत सरांची माझी ओळख गार चहाने झाली. बोईसरच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झाले, त्याच दिवशी सरांनी माझ्या कपात दोन बाजूंनी दुधाची धार सोडली, चमचा फिरवला आणि म्हणाले, "बाई, थांबा! दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींत शिरताहेत." मी थांबले. चहा गार झाला. आज सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख लिहितानाही तो चहा मी विसरलेले नाही.

सर विज्ञान शिकवीत, पण जीव सगळा दीर्घिकांत, ताऱ्यांच्या त्या अफाट भोवऱ्यांत. निवृत्तीनंतरही शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत ते खगोल मंडळ चालवतात. एकमेकींना भिडलेल्या दीर्घिकांची छायाचित्रे तिथे भिंतभर आहेत. शंका कितीही वेडगळ असो, सर कधी हसत नाहीत.

एकदा सर मुलांना सांगून बसले, की आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका यांचीही अब्जावधी वर्षांनी टक्कर होऊ शकते. त्यातली अब्जावधी वर्षे मुलांनी वाटेतच सांडली. दुसऱ्या दिवशी कुंभवलीच्या सुमनताई शाळेत हजर! कारखान्यांशेजारी राहणारी माणसे ती. टक्कर म्हटले की त्यांना स्फोटच दिसतो. "आदी सायरन वाजंल का नाय? आमी पोरांना घेऊन कुटं पळायचं?" पाठोपाठ आणखी पालक आले. संस्थेचे अध्यक्ष वैतागले. "सर, रविवारपर्यंत यांची समजूत घाला, नाहीतर त्या खोलीला कुलूप." सरांचे तोंड एवढेसे झाले. ती खोली गेली तर सर खचतील, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

सरांनी मनोरकडच्या दोन पाड्यांवरून तारपा नाचाचे दोन संच बोलावले. रविवारी दुपारी मैदानावर दोन तारपे, म्हणजे भोपळ्याची ती लांब फुंकवाद्ये, वाजू लागले आणि प्रत्येक तारपकऱ्याभोवती माणसांची साखळी फिरू लागली. "वाजवणारा म्हणजे दीर्घिकेचं केंद्र, नाचणारे म्हणजे तारे," सरांनी सांगितले. सुमनताईंना त्यांनी मुद्दाम एका साखळीच्या टोकाला लावले. मग दोन्ही तारपकऱ्यांना समोरासमोर चालवत आणले.

इथे घोळ झाला. वाजत्या तारप्याला पाठ दाखवायची नाही, हा नाचाचा रिवाज. सर तो साफ विसरले होते. तारपे जवळ येताच कडेची माणसे अडली. एक आजी ओरडल्या, "मास्तर, कंच्या तारप्याला पाठ करू? आमाला नाय जमायचं!" कोणी इकडे वळले, कोणी तिकडे, साखळ्या तुटल्या, शेपट्या लांबल्या, या पाड्याची निम्मी माणसे त्या पाड्यात! मी कपाळाला हात लावला. झालं, खोली गेली! सर मात्र उड्या मारत होते. "अहो, असंच होतं! अगदी असंच! दोन्हीकडून ओढ लागते, म्हणून शेपूट निघते! पण तारे इतके दूरदूर, की तारा ताऱ्याला धडकत नाही!" उड्या मारता मारता ते अध्यक्षांवर आदळले. अख्ख्या मैदानात टक्कर झाली ती तेवढीच.

सुमनताई धापा टाकत भलत्याच साखळीतून बाहेर आल्या. "धक्का नाय लागला कोनाचा. मी इकडची तिकडं गेली, बस." पालक पोट धरून हसले. अध्यक्ष सदरा झटकत म्हणाले, "राहू द्या खोली."

परवा सरांनी त्या खोलीची किल्ली माझ्यापुढे धरली. "बाई, आता तुम्ही सांभाळा. गुडघे जिना चढू देत नाहीत." मला गलबलून आले, आणि रागही आला. सर, मंडळाला तळमजल्यावरची खोली मिळावी म्हणून मी काल अध्यक्षांशी भांडले, आणि ती मिळवली. नवी किल्ली या लेखासोबत पाठवते आहे. प्रकृती धडधाकट राखा, आणि ते दार पुष्कळ पुष्कळ वर्षे आपणच उघडा.