प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी

मागच्या वर्षावासात मी रोज संध्याकाळी विहारात जात होते, पण माझं मन काही तिथं नसायचं. तोंडानं वंदना चालायची आणि डोक्यात मार्क, यादी, राउंड असलं सगळं फिरत राहायचं. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत आमच्या गावात एक वयस्कर भंते मुक्कामाला होते. ते एकदा म्हणाले, शरण जाणं म्हणजे काही मागणं नव्हे, हातातलं सोडून देणं आहे. ऐकताना मला ते पटलं. पण विहाराच्या पायऱ्या उतरल्या की मी पुन्हा मागतच घरी जायचे. माझ्या प्रज्ञाचा डॉक्टरकीला नंबर लागू दे, एवढं एकच.

मी सोनपेठ तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी चालवते. प्रज्ञाचे पप्पा साखर कारखान्यावर कामाला आहेत. प्रज्ञा आमची एकुलती एक. नीटच्या पहिल्या परीक्षेत तिचे मार्क थोडक्यात कमी पडले आणि तिनं एक वर्ष घरी बसून पुन्हा अभ्यास केला. एक वर्ष म्हणायला सोपं आहे. पण त्या वर्षात ती कुणाच्या लग्नाला गेली नाही, आणि मी पाण्याला गेले की प्रत्येक बाई विचारायची, "लागला का गं नंबर?" दुसऱ्यांदा मार्क चांगले पडले, तरी पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्या यादीतही नाही. तेव्हा मला खरंच वाटायला लागलं की आपण एवढी वर्षं डोळे मिटून बसतो, ते कुणापर्यंत पोचतं तरी का?

तिसऱ्या यादीत तिचं नाव आलं. सरकारी मेडिकल कॉलेज, आणि तेही परभणीलाच, आमच्या जिल्ह्याच्या गावाला. प्रज्ञा मोबाईल हातात धरून नुसती उभी राहिली. तिचे पप्पा आदल्याच आठवड्यात गाडीवरून पडले होते, पायाला प्लास्टर होतं. ते पलंगावरूनच ओरडले, "अगं वाच की मोठ्यानं!" तिनं वाचलं आणि मग आम्ही तिघं एकदमच रडायला लागलो.

आता प्रत्यक्ष जाऊन, मूळ कागदपत्रं दाखवून प्रवेश पक्का करायचा होता. मुदत थोडी होती. त्यातच पावसानं धरलं. परतीचा पाऊस असा की शेतात उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले. आम्ही पहिल्यांदा निघालो त्या दिवशी सोनपेठच्या स्टँडवरून एकही गाडी सुटली नाही. "उद्या या," असं सांगितलं. उद्या म्हणजे शेवटचा दिवस. संध्याकाळपर्यंत जो हजर होणार नाही त्याची जागा रिकामी धरणार, आणि ती पुढच्या राउंडला यादीतल्या खालच्या मुलांना जाणार. यात कुणाची चूक नव्हती. नियमच तसा होता आणि सगळ्यांना सारखा होता.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटली. प्रज्ञानं फाईल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरली होती. गंगाखेडच्या वाटेवर निम्म्यात गेलो असू, तेवढ्यात गाडी थांबली. पुढं ओढ्यावरचा पूल दिसतच नव्हता, नुसतं तांबडं पाणी वाहत होतं आणि त्यात एक बाभळ आडवी होऊन हेलकावत होती.

कंडक्टर खाली उतरून बघून आले. "गाडी माघारी जायलीय. ज्यांला सोनपेठला यायचं त्यांनी बसून ऱ्हावा."

मी त्यांना म्हणाले, "दादा, पोरीचं अॅडमिशन हाय ओ आज परभणीला. शेवटचा दिवस हाय."

त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावरच दिसलं. "ताई, मी काय करू सांगा. पाण्यात गाडी घालता येत न्हाई. पन्नास माणसं हायेत आत."

ते बरोबरच बोलत होते. माघारी सोनपेठला गेलो तर दिवस संपलाच, म्हणून आम्ही तिथंच उतरलो. रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं चहाचं हॉटेल होतं, ते बंद होतं. त्याच्या बाकड्यावर जाऊन बसलो. मी ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. कुणाची गाडी दुरुस्तीला, कुणी पाण्यापलीकडं अडकलेलं. तिचे पप्पा फोनवर म्हणाले, "मी येतो." मी म्हणाले, "प्लास्टर घालून कुठं येताव?" आणि फोन ठेवला.

मग मला रडू आलं, आणि रागही. तो नेमका कुणावर ते सांगता येणार नाही. कदाचित स्वतःवरच, इतकी वर्षं पांढरी साडी नेसून पौर्णिमा केल्या त्यावर. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, न्हाई झालं तर न्हाई. मी परत बसते परीक्षेला. तू रडू नको."

तिचा आवाज अगदी शांत होता. त्या शांतपणानंच माझ्या आत काहीतरी सैल झालं. माझी लेक माझ्या शेजारी धडधाकट बसली आहे, तिचे पप्पा घरी आहेत, पाऊस सगळ्यांवरच पडतो आहे. मी डोळे मिटले आणि त्रिशरण म्हटलं. त्या दिवशी त्याच्यामागं काही मागणं जोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच जोडलं नाही, असं मला वाटतं. मागायला काही सुचलंच नाही. नुसतं बसून राहिले. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. एक पांढरी, चिखलानं भरलेली कार ओढ्यापर्यंत गेली, वळली आणि परत येताना आमच्यापुढं थांबली. माझ्याच वयाचे एक गृहस्थ गाडी चालवत होते, शेजारी प्रज्ञाएवढी मुलगी.

"कुठं जायचंय ताई?"

"परभणीला. पण आता कशाचं ओ..."

"आमी पण परभणीलाच जायलोत. परळीवरून फिरून जातो, तिकडून रस्ता चालू हाय म्हणतेत. बसा."

मी घुटमळले. अनोळखी माणूस. पण त्यांच्या मुलीनं मागचं दार उघडलं, स्वतः उतरून मागं येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही पुढं बसा. आम्ही दोघी मागं बसतो."

ते सोनपेठकडच्याच एका हायस्कूलवर शिक्षक होते. मुलीचं नाव अस्मिता. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "परभणीला काय काम काढलं?" मी प्रवेशाचं सांगितलं, सरकारी मेडिकलला तिसऱ्या यादीत नाव आलंय आणि आज शेवटचा दिवस आहे म्हणून. ते म्हणाले, "अरे वा," आणि एकदम गप्प झाले. मला वाटलं, रस्ता खराब आहे म्हणून गप्प झाले असतील.

मागं दोघी बोलत होत्या. अस्मितानंही नीट दिली होती. तिला परभणीच्याच पशुवैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली होती आणि ती पक्की करायला ते चालले होते. तिची मुदत आणखी बाकी होती, पण पाऊस वाढेल म्हणून लवकर निघाले होते. अस्मितानं प्रज्ञाला मार्क विचारले. प्रज्ञानं सांगितले. मग विचारलं, "कोणत्या कॅटेगरीतून?" प्रज्ञानं तेही सांगितलं.

अस्मिता म्हणाली, "माझी पण तीच कॅटेगरी. मेरिट लिस्टमध्ये मी पण होते. तुझ्या थोडीच खाली. तिसऱ्या यादीची वाट बघितली, पण नाव नाही आलं."

मला अंगणवाडीतल्या हिशोबापलीकडं फारसं येत नाही, पण हे मला लगेच कळलं. प्रज्ञा आज पोचली नाही तर तिची जागा पुढच्या राउंडला येणार, आणि ती कदाचित याच मुलीला मिळणार. मी सरांकडं बघितलं. ते समोर बघून गाडी चालवत होते. त्यांना केव्हाच कळलं होतं. मी प्रवेशाचं बोलले तेव्हाच.

परळीच्या अलीकडं ट्रकांची मोठी रांग लागली होती. पुढं एक झाड पडलं होतं. वेळ जायला लागला. सर खाली उतरून बघून आले आणि गाडीत बसून स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "इथं तास-दोन तास लागतील. न्हाईतर डाव्या बाजूनं एक शेतातला रस्ता हाय म्हणतेत, पण खराब हाय. गाडी फसली तर मग फसलीच." आणि त्यांनी मान वळवून स्वतःच्या मुलीकडं बघितलं.

मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते, की जा म्हणून?

अस्मिता खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पप्पा, डावीकडून चला. आपल्याला काय, उद्या पण चालतंय. हिचं आज बंद होतंय."

सरांनी मान हलवली आणि गाडी डावीकडं घातली. त्या रस्त्यावर एकदा खरोखरच चाक फसलं. तेव्हा दोन्ही मुली सँडल हातात घेऊन चिखलात उतरल्या आणि गाडी ढकलली. अस्मिताच्या नव्या ड्रेसवर कंबरेपर्यंत चिखल उडाला. गाडी सुटली तशी ती हसली. प्रज्ञाही हसली. त्या सबंध दिवसात ती पहिल्यांदा हसली.

गंगाखेडचा पूल चालू होता. खाली गंगा काठोकाठ भरून चालली होती. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

परभणीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. कॉलेजच्या फाटकाशी गाडी आत सोडत नव्हते आणि पाऊस ओतत होता. आमच्याकडं छत्री एकच, तीही वाऱ्यानं उलटी झाली. प्रज्ञानं फाईल पोटाशी धरली तेवढ्यात अस्मिता स्वतःची छत्री घेऊन उतरली, फाईलसकट प्रज्ञाला तिच्याखाली घेतलं आणि दोघी पळत आत गेल्या. छत्री सगळी फाईलवर होती. अस्मिता स्वतः पूर्ण भिजत होती.

आत प्रवेशाच्या खोलीत एक बाई होत्या. प्रज्ञाला धापा टाकताना बघून म्हणाल्या, "अगं, बस आधी. आत आलीस म्हणजे आलीस. घाई करू नकोस." हे प्रज्ञानं मला नंतर सांगितलं. मी बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर बसले होते. सर शेजारी बसून रुमालानं चष्मा पुसत होते.

मी विचारलं, "सर, तुमाला माहीत होतं ना?"

"होतं ताई."

"मग?"

"सुरुवातीला मनात आलं. माणूसच हाय मी पण, पोरीचा बाप हाय. पण पोरीला रस्त्यावर बसवून पुढं गेलो असतो, तर घरी जाऊन वंदनेला कसा बसलो असतो सांगा." मग चष्मा डोळ्यावर चढवून म्हणाले, "आन शेतातल्या रस्त्यानं जायचं मी न्हाई ठरवलं. ते अस्मितानं ठरवलं."

तेव्हा कुठं मला कळलं की ते आमच्यातलेच आहेत. मी हात जोडले. त्यांनीही हात जोडले, आणि "जय भीम, ताई" म्हणून हसले. आम्ही ओळख झाल्यावर करायचा तो नमस्कार इतक्या उशिरा करत होतो.

प्रवेश पक्का झाला. प्रज्ञा बाहेर आली ती थेट अस्मिताच्या गळ्यात पडली. नंतर आम्ही चौघं एका खानावळीत जेवायला बसलो. अस्मिता दोन घास जेवली आणि एकाएकी तिचे डोळे भरून आले. ती उठून बाहेर गेली. सर उठायला लागले, तर मी म्हणाले, "मी जाते." ती पत्र्याखाली भिंतीला टेकून उभी राहून रडत होती. रडू नको, असं मी म्हणाले नाही. कशी म्हणणार? मी तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काकू, मला वाईट वाटत नाही असं नाही. पण मी दुसरं काही केलं असतं ना, तर मला जास्त वाईट वाटलं असतं."

एकोणीस वर्षांची पोर. तिला हे कुणी शिकवलं असेल?

पुढच्या राउंडलाही अस्मिताचं नाव लागलं नाही. ते कळलं तेव्हा मी दोन दिवस अंगणवाडीत कुणाशी धड बोलले नाही. पण ती पशुवैद्यकीयला रुळली, आणि नुसती रुळली नाही, तिला ते आवडायला लागलं. परवा आमच्याकडं आली होती, तेव्हा शेजाऱ्यांची म्हैस विताना अडली होती. कॉलेजच्या मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारत विचारत तिनं हात घातला. रेडकू बाहेर आलं, उभं राहिलं. ती कोपरापर्यंत माखलेले हात तसेच धरून प्रज्ञाला म्हणाली, "तुझे पेशंट कुठं दुखतंय ते सांगतात तरी. माझ्या पेशंटचं मलाच ओळखावं लागतं." सगळे हसले. प्रज्ञाचे पप्पा तर अजून ते वाक्य सगळ्यांना सांगत फिरतात. परभणीत दोघी एकाच खोलीत राहतात, भांडतात, एकमेकींचे कपडे घालतात.

त्या दिवशी ती गाडी नेमकी तिथं कशी आली, हे मी कुणाला पटवून देत बसत नाही. रस्ता होता, गाडी येणारच, असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य आहे. आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही आणि मला तशी ती शोधायचीही नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की मी मागायचं थांबवलं तेव्हा माझ्यासमोर करुणा आली, आणि ती कुठून वरून आली नाही. ती एका मुलीच्या रूपात आली, जिनं स्वतःच्या हातातलं सोडून दिलं होतं. सोडून द्यायचं म्हणजे काय, ते मी इतकी वर्षं नुसतं ऐकत होते. त्या दिवशी मी ते डोळ्यांनी बघितलं.

आता पौर्णिमेला सगळ्यांच्या कल्याणाची भावना करायला बसले की दोन्ही मुलींची नावं माझ्या तोंडी येतात. आधी अस्मिताचं येतं.