पुंजारामची खुर्ची

केदारखेड्याच्या पुंजाराम सुताराची बायको गोजरबाई गेली आणि त्याचं अंगण ओस पडलं. ती होती तेव्हा तिथं सदा चार बायका टेकलेल्या असत. रंधा मारता मारता त्यांच्या गप्पा ऐकायची पुंजारामला सवय जडली होती. आता तिफण दुरुस्तीला आणणारा माणूसही उभ्या उभ्याच परत जाई. घर खायला उठलं, तसं त्यानं ठरवलं, आल्यागेल्याला बसावंसं वाटेल असं काही करायचं.

जालन्याला एका अडत्याच्या पेढीवर त्यानं नव्या धर्तीची खुर्ची पाहिली होती. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. सरळ पाय आणि जरा मागं झुकलेली पाठ. पण ती खिळे ठोकून जोडलेली होती, आणि ते काही त्याला पाहवलं नव्हतं. पडून असलेल्या सागाच्या तुळईतून त्यानं तशीच खुर्ची घडवली, मात्र बापाच्या रीतीनं: एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारं कुसू, आणि आरपार लाकडी खुंटी. पाठीच्या तिरप्या सांध्यानं त्याचा घाम काढला. पण खुर्ची अशी झकास जमली की बसणाऱ्याचं अंग आपोआप सैल व्हावं. ती लिंबाखाली मांडून तो वाट पाहत बसला.

आता या भल्या माणसाला एवढं कळू नये? केदारखेड्यात खुर्ची म्हणजे गिरदावर. निजामाच्या वसुलीचा हा साहेब गावात आला की चावडीतून खुर्ची बाहेर निघे आणि तिच्यापुढं गाव हात बांधून उभं राही. दोन दिवसांत पुंजारामच्या दारावरची वाट सुनी झाली. लोक मारुतीच्या मागून वळसा घालू लागले.

न राहवून त्यानं मेंढ्या हाकत चाललेल्या रायभानला हाक मारली.

"ये की, बैस."

"कोन, मी?" रायभान बिचकला. "साब कव्हा येऊन राह्यले?"

"कोनी साब न्हाई. तुमच्यासाठीच केली."

"मंग येतो नंतर," म्हणत रायभान सटकला.

शेवटी पुंजाराम स्वतःच खुर्चीत बसला. उन्हं कलताना शेजारची सोनूबाई शेळी घेऊन आली. गोजरबाईची ही जिवाभावाची मैत्रीण. ऊन तिच्या डोळ्यांवर होतं. खुर्चीत कुणीतरी आहे, एवढंच तिला दिसलं. तिनं पदर पुढं ओढला, वहाणा हातात घेतल्या आणि मान खाली घालून निघून गेली. पुंजारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खुंट्या ठोकून काढल्या. कुसवं खाचांतून अलगद सुटली, कुठं ओरखडाही उठला नाही. लाकडं भिंतीशी रचून तो भुईवर बसून राहिला. सोनूबाई कुंपणाशी थबकली.

"गेला का साब, पुंजाभाऊ?"

खरं काय ते त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून ती ओशाळली असती आणि घरी गेली असती.

"गेला," तो म्हणाला.

"मंग टेकते जरा," म्हणत ती मातीत बसली आणि गोजरबाईच्या आठवणी काढू लागली. तिचं बोलणं संपू नये म्हणून पुंजाराम नुसता हुंकार देत राहिला.