न खोडलेले सहा गुण

कंडक्टरकाकांनी कुठलीही बेरीज एकदाच करून सोडली असं मी कधी पाहिलं नाही. एकदा वरून खाली, मग खालून वर. एस.टी.त असताना ते प्रवासीही तसेच मोजायचे, एकदा ड्रायव्हरकडून मागे आणि एकदा मागच्या सीटकडून पुढे, आणि मगच वेबिलात, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदात, आकडा भरायचे. निवृत्त झाल्यावर मोजायला प्रवासी उरले नाहीत, म्हणून त्यांनी देशातल्या फुटबॉल लीगचे गुण मोजायला घेतले.

जळगाव जामोदला आमच्या गल्लीत त्यांच्या ओट्यावर एक फळा टांगलेला असे. शाळेनं टाकून दिलेला, एका कोपऱ्यात चिरलेला. दर सोमवारी सकाळी अंघोळ झाली की काका ओला फडका घेऊन बाहेर येत आणि नवा गुणतक्ता लिहीत. संघ, सामने, विजय, बरोबरी, हार, गोल, गुण. आमच्या तालुक्यात क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळाचं नाव कोणी घेत नाही. पण समोरच्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्यांना त्या फळ्यामुळे लीगमधला चौथा कोण आणि पाचवा कोण हे पाठ झालं होतं.

एस.टी.च्या आधी काका फौजेत होते. पूर्वेकडच्या एका डोंगरी गावात त्यांची तीन वर्षं गेली आणि तिथेच त्यांना फुटबॉल लागला. त्या गावाचा संघ पुढे व्यावसायिक लीगमध्ये आला. काका त्याला नावानं कधी बोलले नाहीत, नुसतं 'डोंगरवाले' म्हणत. डोंगरवाल्यांना विजेतेपद कधीच मिळालेलं नव्हतं. "एकदा पाह्यलं की झालं, मंग मी मोकळा," असं ते दर मोसमाच्या सुरुवातीला म्हणत, आणि काकू आतून म्हणत, "मोकळे व्हाल तं आधी फडका धुवाले टाका."

माझी आणि त्यांची गाठ बेरजेमुळेच पडली. मी पाटबंधारे खात्यात आहे. धरणाच्या पाण्याची पातळी रोज सकाळी नोंदवणं हे माझं काम. आमच्या नोंदवहीत एक कडक रीत आहे. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही करायची. खोडरबर नाही आणि गिरवणं तर नाहीच. आकडा गिरवलेला दिसला की तपासणीला आलेला माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतो. तर एकदा वर्तमानपत्रातला गुणतक्ता पाहून मी टपरीवर म्हणालो, "यात काहीतरी चुकलंय, गोलांची बेरीज जमत नाही." काका रस्ता ओलांडून माझ्यापाशी आले.

"कितीनं?"

"दोननं."

"बराबर. मारले गोल आन् खाल्ले गोल सारखेच भरले पाह्यजेत. एकानं मारला म्हंजे दुसऱ्यानं खाल्लाच असन ना, भाऊ?"

त्या दिवसापासून दर सोमवारी दुसरी बेरीज माझ्याकडे आली.

त्यांच्या फळ्यावर आणखी एक गोष्ट होती, जी वर्तमानपत्रात नसे. मालक बदलला की संघाचं नाव बदलायचं, गाव बदलायचं, कपड्यांचा रंग बदलायचा. काका नवं नाव लिहीत आणि खाली बारीक अक्षरात जुनं. मी म्हटलं, कशाला एवढा त्रास? म्हणाले, "पाटी बदलली म्हनून गाडी बदलते का? बुलडान्याची पाटी काढून देऊळगाव राजाची लावली, तरी इंजन तेच घरघरते."

आणि मग तो मोसम आला, ज्याचा मला आजही राग येतो.

शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या. डोंगरवाल्यांचे गुण एकेचाळीस, दुसऱ्या क्रमांकावरच्या संघाचे अडतीस. त्या दुसऱ्या संघाचा मालक मोठा धनाढ्य; काका त्याला 'शेठवाले' म्हणत. शेठवाल्यांनी एका मोसमात तीन प्रशिक्षक बदलले होते, तरी ते मागेच होते. काकांनी त्या सोमवारी पहिल्यांदा दाढी आधी आणि फळा नंतर केला, इतके ते निवांत होते.

त्याच आठवड्यात समुद्रकाठच्या एका शहराचा संघ बंद पडला. काका त्यांना 'बंदरवाले' म्हणायचे. मालकाला कंटाळा आला, त्यानं कुलूप लावलं. लीगनं जाहीर केलं, की बंदरवाल्यांचे सगळे सामने रद्द, कोणी खेळलेच नाहीत असं समजावं. आता बंदरवाल्यांना डोंगरवाल्यांनी दोन्ही वेळा हरवलं होतं. सहा गुण गेले. शेठवाले एकदा हरले होते आणि एकदा बरोबरीत सुटले होते. त्यांचा एकच गुण गेला. तीन गुणांनी पुढे असलेला संघ बसल्या जागी दोन गुणांनी मागे पडला. पस्तीस आणि सदतीस. मैदानात कोणी पाऊलही न टाकता.

याहून वाईट पुढेच होतं. शेठवाल्यांना ज्यानं दोन गोल मारून हरवलं होतं, तो बंदरवाल्यांचा खेळाडू आता मोकळा झाला, आणि आठ दिवसांत शेठवाल्यांनी त्यालाच घेतलं. त्याचे गोल पुसले आणि त्याला आपला सदरा घातला! मी साधा माणूस आहे, पण याला खेळ म्हणायला माझी जीभ धजत नाही.

टपरीवाला राजू ओरडला, "काका, तुमची गाडी पंक्चर झाली म्हन्तात!"

"पंक्चर नाही झाली बे," काका म्हणाले, "चालू गाडीचे चाकं काढून नेले."

मी मात्र तेव्हा चुकलो. मी म्हणालो, "काका, नियमच तसा आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच विनातिकीट सापडलोय.

"भाऊ, गाडी गेली का नाही? मानसं बसले का नाही? तिकिटं फाडली का नाही? आता डेपो बंद पडला, म्हनून तो प्रवास झालाच नाही? तुमच्या धरनाले उद्या कुलूप लागलं, तं काल पातळी किती होती ते बी पुसान का?"

आमच्याकडे चुकलेला आकडासुद्धा रेघेखाली जिवंत ठेवतात. हे तर बरोबर असलेले आकडे होते.

काकांनी लीगच्या कार्यालयाला पोस्टकार्ड टाकलं. त्यात एकच प्रश्न होता: 'झालेला सामना कोणत्या तारखेपासून झाला नाही, एवढेच कळवावे.' उत्तर आलं नाही.

शेवटच्या दोन्ही फेऱ्या दोन्ही संघांनी जिंकल्या. शेठवाल्यांचा अखेरचा गोल त्याच विकत घेतलेल्या खेळाडूनं मारला. टीव्हीवर करंडक उचलला जात होता, शेठवाले त्रेचाळीस, डोंगरवाले एकेचाळीस, आणि काका खडू घेऊन ओट्यावर गेले. त्यांनी लिहिलं: डोंगरवाले सत्तेचाळीस, शेठवाले चव्वेचाळीस. मग वरून खाली बेरीज केली, खालून वर केली.

"काका, हे चुकलं ना," राजू म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"हे वेबिल माह्यं आहे. मी पाह्यलेले सामने मी खोडनार नाही. दुसऱ्या कोनाचं वेबिल काय म्हनते, ते त्याले विचार."

तो त्यांनी लिहिलेला शेवटचा तक्ता. उन्हाळ्यात काका गेले. पुढचा मोसम सुरू व्हायच्या आधी डोंगरवालेही विकले गेले. आता ते दुसऱ्या गावाचे आहेत, नाव दुसरं, रंग दुसरा, प्रशिक्षक दुसरा, आणि जुनं नाव बारीक अक्षरात लिहिणारा कोणी नाही. राजूनं मला फळा चालवायला सांगितलं. मी नाही म्हणालो. ज्या कार्यालयाला झालेला सामना झाला म्हणवत नाही, त्याच्या आकड्यांची बेरीज मी का तपासावी?

दिवाळीत काकांच्या मुलानं घराला रंग दिला, तेव्हा रंगारी फळा उतरवायला गेला. काकू म्हणाल्या, "भिंत रंगव. त्याले हात नको लावू."

फळा आहे. पण ओट्यावर धूळ येते, पावसाची झड लागते, खडू विरतो. सोमवारी कामावर जाताना मी तिथे थांबतो आणि खिशातल्या खडूनं तो सत्तेचाळीस गिरवतो. नोकरीत मी एकही आकडा कधी गिरवलेला नाही.