चौरंगावरून उठले ती दुपार

तिसऱ्या महिन्यात मला कांद्याचा वास सहन होईना, आणि नवरा तर कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. तो दारात दिसला की मी आतूनच ओरडायचे, "अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही!" बिचारा बाहेरच्या नळावर अंग घासघासून धुवायचा. नव्वद सालानंतरची ती वर्षं. नवी मुंबईतल्या बोनकोड्यात एका आगरी काकींच्या चाळीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. आम्ही साताऱ्याकडचे, सासूला आत्या म्हणतो.

पुढे काय काय होणार, हे चाळीतली प्रत्येक बाई न विचारता सांगे. चौथ्यात उलट्या थांबतील, पाचव्यात आत मासोळी फिरल्यासारखं वाटेल, सहाव्यात पाय सुजतील. मी पाण्याला निघाले की दोघी-तिघी माझं पहिलं पाऊल बघत बसायच्या. उजवं पडलं की मुलगा, डावं पडलं की मुलगी. मी मुद्दाम एकदा हे, एकदा ते टाकायचे. मला मुलगा-मुलगी कशाशीच देणंघेणं नव्हतं. मला जिवंत मूल हवं होतं.

आदल्या वर्षीचं सहाव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा संध्याकाळी मी आत्यांना म्हटलं होतं, आज हालचाल वाटत नाही. त्या म्हणाल्या, "निजलं आसंल. सकाळी बघू." सकाळी दवाखान्यात ठोके लागले नाहीत. आदल्या दिवशी आला असतात तर वाचलं असतं असं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी ते ऐकलं, पण मानलं नाही. घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. मी मात्र आत्यांवरचा राग वर्षभर जपला. त्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणाल्या तरी मी फणकाऱ्याने उठायचे.

सातव्यात आत्यांनी हौसेने डोहाळजेवण घातलं. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांच्या वाक्या. मला चौरंगावर बसवलं, बायका गाणी म्हणायला लागल्या. पुढ्यात दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. वाटी उघडायला वाकले आणि लक्षात आलं, सकाळपासून पोटात काहीच हाललेलं नाही. पोटावर हात ठेवला. जरा कलले. गार सरबत मागून प्यायले. काही नाही.

बोलणार कसं? अशा दिवशी अशुभ तोंडातून काढायचं नसतं. आणि सांगायचं कुणाला, पुन्हा आत्यांनाच? पोराचा जीव टांगणीला लागलेला आणि मी अढी धरून गप्प. त्या मूर्खपणाची आजही लाज वाटते.

काकी ओटी भरायला आल्या आणि माझ्याकडे बघून थबकल्या.

"काय गो, तोंड का उतरलंय? पोटान हालतंय ना?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

काकींनी हातातला नारळ खाली ठेवला. "गानी मागून म्हना. उठ पोरी."

गाणं मधेच थांबलं. मला वाटलं, आत्या म्हणतील, ओटी तरी भरू द्या. पण त्या अनवाणीच रस्त्यावर धावल्या आणि येणाऱ्या रिक्षेसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर नळी लावून कान टेकला. जागा बदलली. परत बदलली. तिसऱ्या जागी त्या थांबल्या आणि त्यांचं बोट पलंगाच्या कडेवर भराभर ठेका धरू लागलं.

"आहेत ठोके. चांगले आहेत. तरी आज ठेवून घेते." मग मला झापलं, "हालचाल कमी वाटली की लगेच यायचं. सण-समारंभ काही बघायचा नाही. सांगितलं का नाहीस कुणाला?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या. "माज्यामुळं, बाई. मागल्या बारीला हिनं मला सांगितलं हुतं. म्याच थांबवली."

हेच मी वर्षभर त्यांना तोंडावर म्हणणार होते. आता त्याच म्हणाल्या. मुकुट केसांतून घसरला होता आणि मी हुंदके देत होते. आत्या पायथ्याशी उभ्याच होत्या, हातांचं काय करावं ते न कळून.

"आत्या, बसा इथं." मी सरकून जागा केली.

त्या कडेवर टेकल्या. भीत भीत म्हणाल्या, "हात लावू?"

मी त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला, आणि ते हालेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.