आवाजाची चकती

आमच्या मामाला घरात कोणी विचारत नाही. मामी त्याला भाजी आणायलासुद्धा पाठवत नाही, कारण एकदा तो पिशवी घेऊन गेला, कोपऱ्यावर भरपूर गप्पा मारल्या आणि रिकामी पिशवी नीट घडी घालून परत आणली. शिलाई मशीन दुरुस्तीचं त्याचं दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मला बाहेर जावं लागतं. पदवी मिळाल्यापासून मी तिथेच बसून नोकरीचे अर्ज भरतो. अर्जांना उत्तर येत नाही, त्यामुळे बसायला वेळच वेळ.

पण शिलाई मशीनवाल्यांचा एक ऑनलाइन फोरम आहे. तिथला मामाचा थाट मामीने पाहिला, तर ती उठून त्याला खुर्ची देईल. तिथे त्याचं नाव ‘पक्का टाका’. नावापुढे पाच तारे. खातं मीच उघडून दिलं होतं, तारे त्याने स्वतः मिळवले.

नवा सभासद दिसला, की तिथल्या जुन्यांच्या अंगात यायचं. कोणी विचारायचा, “मशीन सारखी दोरा तोडते, काय करू?” लगेच उत्तर, “आधी इथल्या चर्चांचे जुने धागे वाचा.” तो बिचारा लिहायचा, “वाचले, पण कळले नाहीत.” मग मामा सरसावून बसायचा. “मशीन विका. सुई तेवढी ठेवा, दात कोरायला होईल.” त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागायची आणि मामाची छाती दुकानात मावायची नाही.

मामाच्या मते यात वावगं काही नव्हतं. तो स्वतः शिकाऊ होता, तेव्हा त्याच्या उस्तादांनी त्याला ‘सुईच्या भोकाचं झाकण’ आणायला पिटाळलं होतं. भर उन्हात दुकानं पालथी घालून तो रडकुंडीला आला होता. “त्यानेच तर माणूस तयार होतो,” मामा सांगायचा. मात्र त्याच संध्याकाळी उस्तादांनी त्याला चहा पाजला होता आणि दुसऱ्या दिवशी मशीन उघडायला दिली होती, हेही तोच सांगायचा. फोरमवर चहापर्यंत कोणी थांबत नव्हतं.

मागे एका ‘नवशिक्या’ने विचारलं, “मशीन फार खडखडते. काय बिघडलं असेल?” मामाने लिहिलं, “आवाजाची चकती झिजली आहे. दुकानात मागा.” खाली पाच ताऱ्यांच्या दुसऱ्या एका सभासदाने पुस्ती जोडली, “डाव्या हाताची घ्या बरं. उजव्या हाताची बसत नाही.” आम्ही दोघं पोट धरून हसलो.

दोन दिवसांनी दुकानात एक धिप्पाड गृहस्थ आले. नुकतेच निवृत्त झालेले बसचालक. एवढा मोठा देह, पण आवाज अगदी अदबीचा.

“आवाजाची चकती आहे का हो? डाव्या हाताची.”

मामाचा पाना जागच्या जागी थांबला. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

“कोणी सांगितली?” मामाने विचारलं.

“फोरमवर. सगळा बाजार फिरून आलो. हा म्हणतो पुढच्याकडे जा, पुढचा म्हणतो त्याच्या पुढच्याकडे. हसत होते हो. एक जण म्हणाला, हॉर्नच्या दुकानात बघा. मी म्हटलं, हसा. ज्यांनी सांगितलंय ते पाच ताऱ्यांचे आहेत. खोटं कशाला सांगतील? माझ्याशी त्यांचं काय वैर?” त्यांनी फोन पुढे केला. “हे बघा, ‘पक्का टाका’. फार जाणकार माणूस.”

मामाने स्वतःचंच उत्तर पहिल्यांदा वाचत असल्यासारखं लांब धरून वाचलं.

मशीन त्यांनी स्कूटरवर बांधून आणली होती. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिने शिवायला घेतलेले शाळेचे गणवेश अर्धवट पडलेले. ती शेजारी बसून सांगायची आणि मशीन ते चालवायचे. “बस बरी हो,” ते म्हणाले, “निदान सरळ जाते.”

मामाने मशीन उलटी केली. खालच्या दोऱ्याची रिळी बसते त्या शटलमध्ये दोऱ्याचा बोराएवढा गुंता अडकला होता. तो काढला, तेलाचे थेंब सोडले, चाक फिरवलं. मशीन गप्प. एका ओळीत सांगण्यासारखं काम होतं.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मग त्याने डब्यातून एक साधी चकती उचलली आणि कुठल्याशा स्क्रूखाली सरकवली. “बसवली,” तो म्हणाला. त्याला वाटलं असावं, यात त्यांचीही लाज राहते आणि आपलीही.

“बघा! मी म्हणत नव्हतो?” ते खूश झाले. स्टुलावर बसून त्यांनी ‘पक्का टाका’चं आणखी कौतुक केलं आणि चकतीचा फोटो काढला. “टाकतो फोरमवर. नव्या माणसांना उपयोग होईल.”

संध्याकाळी फोटो आला. वर लिहिलं होतं, ‘आवाजाची चकती अखेर मिळाली!’ जुन्यांनी हसून हसून फोरम डोक्यावर घेतला. त्यावर त्यांचं उत्तर, “इथली माणसं किती हसरी आहेत. सर्वांचे आभार.” त्याखाली एका नव्या बाईंनी विचारलं होतं, “आमच्याकडे ही मिळत नाही. पाठवाल का?”

रात्री घरी जेवताना मामाने ताट बाजूला सारलं.

“काय हो, मीठ जास्त झालं?” मामीने विचारलं.

“नाही.”

“मग कमी?”

“तू जरा गप्प बस.”

“म्हणजे काहीतरी करून ठेवलंयत.”

मामा माझ्याकडे वळला. “भाच्या, ते पुसता येतं का रे?”

“तुझं उत्तर पुसता येईल मामा. त्यांनी फोटो टाकलाय, त्याचं काय?”

बराच वेळ एका बोटाने टाइप करून त्याने लिहिलं, “आवाजाची चकती नावाचा भाग नसतो. मी थट्टा केली. आवाज शटलमध्ये अडकलेल्या दोऱ्याचा होता. चकती बसवली ते दुकान माझंच.” पाच ताऱ्यांच्या एका सभासदाने लिहिलं, “काय राव, मजा घालवलीत.” बसचालकांचं काहीच आलं नाही.

ते स्वतःच आले, गणवेश पोचवून झाल्यावर.

“मशीन कशी आहे?” मामाने विचारलं.

“उत्तम.” ते स्टुलावर बसले नाहीत. “बाजारात हसले, त्याचं काही नाही. बस चालवताना लोक काय काय बोलतात. पण इथे बसून मी तुमचं कौतुक करत होतो, आणि तुम्ही ऐकून घेत होतात.”

मामा फडक्याला हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

“बायकोला अजून सांगितलं नाही,” ते म्हणाले. “मशीन लावली, की ती तुमचं नाव काढते. आता तिला काय सांगू, ते तुम्हीच सांगा.” टोमणा नव्हता त्यात. ते खरंच विचारत होते.

“मी येतो,” मामा म्हणाला. “मी सांगतो त्यांना.”

दुकान माझ्यावर टाकून त्याने चप्पल पायात सरकवली. त्यांनी स्कूटर सुरू केली. मागे बसा, असं ते म्हणाले नाहीत आणि मामानेही विचारलं नाही. तो चालत निघाला. स्कूटर पुढे होती, पण हळू चालली होती, मामाला रस्ता दिसत राहील इतकी.