पाय बाहेर, चेंडू आत

झुलाल सर माझ्या डोक्यात जातात. आजपासून नाही, सव्वीस वर्षांपासून. भटूच्या हॉटेलात टीव्हीसमोरची खुर्ची त्यांची. दुसरं कोणी बसलं तर हा माणूस तोंडातून शब्द काढत नाही, नुसता मागे येऊन उभा राहतो, मग बसलेला मुकाट उठतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी बोलणं असं की समोरचा अजून चौथीतच आहे. शाळेत पीटी शिकवायचे. नशिराबादच्या कितीतरी पोरांना त्यांनी कबड्डी शिकवली, हे मान्य. गाव त्यांना मानतं. मानू दे गावाला.

मी संघपाल. नशिराबाद ते जळगाव रिक्षा चालवतो.

शहाण्णव साली मी अठराचा होतो. फुटबॉलमध्ये डाव्या बाजूने माझ्यासारखा पळणारा तालुक्यात दुसरा नव्हता, कोणालाही विचारा. निवडीचा सामना आमच्याच मैदानावर होता. इथून निवडलेला जिल्ह्याकडून खेळणार, तिथे चमकला तर विभागाकडून, आणि विभागाचं प्रमाणपत्र हातात पडलं की नोकरभरतीत खेळाडूंची राखीव जागा. आमच्या घरात तोवर कोणाच्या नावाने पगार निघाला नव्हता. आई दुसऱ्याच्या शेतात जायची. मला ती जागा हवी होती, बस्स.

ठरलेला पंच आलाच नाही, म्हणून शिट्टी आली झुलाल सरांकडे. मी रेषेला चिकटून चेंडू काढला, दोघांना चकवलं, आत वळलो आणि गोल! पोरं नाचायला लागली, तेवढ्यात शिट्टी.

"पाय रेषेबाहेर गेला. बाद!"

"आत होता सर!"

"बाहेर होता. मी बघितला."

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या गळ्यातली शिट्टी अशी ओढली की दोरी तुटली. मला मैदानाबाहेर काढलं आणि यादीतून नावही गेलं. माझ्या जागी उखर्डू गेला. तो आज रेल्वेत आहे, भुसावळला क्वार्टर आहे. भेटला की म्हणतो, "ये ना कधी घरी." कशाला येऊ? तुझं नशीब बघायला?

तेव्हापासून गावात दोन बाजू. मी सांगतो पाय आत होता, सर सांगतात बाहेर होता. सुनिता लग्न होऊन आली तेव्हा आठवड्याच्या आत तिला मी मैदानावर नेऊन जागा दाखवली होती. बिचारी म्हणाली, "आतच असेल हो."

बावीसचा वर्ल्ड कप लागला आणि मी मुद्दाम भटूकडे बसायला लागलो. सर अर्जेंटिनाचे, म्हणून मी अर्जेंटिनाच्या विरुद्ध. सौदी अरेबिया कुठे आहे हेसुद्धा मला धड माहीत नाही, पण त्या दुपारी मी त्यांच्यासाठी घसा फाडला. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड देऊन रद्द केले. प्रत्येक वेळी टीव्हीवर रेषा आखून दाखवत होते. स्वतःची टीम मार खात होती, तरी हा माणूस मागे वळून मला म्हणतो, "बघ संघपाल. रेषा म्हणजे रेषा." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शेवटी अर्जेंटिना हरली तेव्हा मी अख्ख्या हॉटेलला चहा पाजला.

दहा दिवसांनी, सकाळी, स्टँडवर नंबर लावून मोबाइल बघत होतो. जपानने स्पेनला हरवलं होतं. गोलाच्या आधी चेंडू रेषेपार गेल्यासारखा दिसत होता, पण पंचांनी व्हिडिओ तपासून गोल दिला. चेंडूची जरा कड रेषेवर होती म्हणे. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. चेंडू आत वळवणाऱ्या खेळाडूचा पाय तर सरळ बाहेर! आणि त्या पायाबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. नियम पायाला विचारतच नाही, चेंडूला विचारतो!

आता खरं सांगून टाकतो. माझा पाय बाहेर होता. चांगला वीतभर. धुळीतला ठसा मी स्वतः बघितला होता. कबड्डी खेळत वाढलेले आम्ही दोघं गाढव, पाय बाहेर म्हणजे बाद, हेच धरून सव्वीस वर्षं भांडलो.

मी रिक्षा तशीच टाकून हॉटेलात शिरलो, मोबाइल सरांच्या नाकासमोर धरला आणि ओरडलो, "बघा! पाय बाहेर गेला तरी चालतो. चूक तुमची होती!"

भटू भडगावकडचा. सगळे कान टवकारून बसलेले बघून तो त्याच्या अहिराणीत हळूच म्हणाला, "भाऊ, बठ्ठं गाव आयकी राहिनं."

"आयकू दे!"

सरांनी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "सामन्यानंतर जळगावला जाऊन एका जुन्या पंचाला विचारलं होतं. तो हसला मला. यादी जायला दोन दिवस होते. मी तुझ्या दारात आलो होतो."

आले होते. हातात कागद होता. मला वाटलं, माफीनामा लिहून घ्यायला आले. मी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं होतं.

"तू आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, पाय आत होता. म्हटलं, आईची खोटी शपथ घेणाऱ्यासाठी मी कशाला यादी बदलू? परत गेलो." सर खुर्चीतून उठले. "चूक माझीच होती. आत्ता, सगळ्यांसमोर, हात जोडून म्हणतो. आधी तू खरं सांग. पाय कुठे होता?"

हॉटेलात वीसेक माणसं होती. यातल्या प्रत्येकाला मी कधी ना कधी पकडून सांगितलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. खरं ओठांवर आलं होतं, अगदी आलं होतं.

"आत होता," मी म्हणालो.

सर खाली बसले. "मग यादी बदलली नाही, यात माझं काही चुकलं नाही," ते म्हणाले आणि भटूला चहा सांगितला.

दुपारी घरी गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. ताट वाढताना सुनिताने विचारलं, "काय म्हणाले सर?"

"काय म्हणणार?" मी म्हणालो. "म्हातारा कबूलच करत नाही."