गेटबाहेरचा कोच

मला खो-खोतलं काहीही कळत नाही, हे धायरीतल्या आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही मुलींच्या खो-खो संघाचा कोच म्हणून माझीच नेमणूक झाली.

झालं असं, की खेळाचे सर नोकरी सोडून गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूमवर नजर फिरवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नेमका डब्यातली भेंडी संपवून मान वर केली.

"आपण भूगोल शिकवता ना? म्हणजे मैदानाशी संबंध आहेच."

"मॅडम, मैदानी प्रदेश वेगळा आणि..."

"आणि हो, यंदा आंतरशालेय स्पर्धेचा कप आला नाही तर मैदान संध्याकाळी खासगी क्रिकेट क्लासला देणार आहोत. मुलींनी मग उभ्या स्कूलबसेसच्या मधल्या बोळात खेळावं."

हे मात्र मला झोंबलं. कारण संघाची कॅप्टन होती नववीतली मुक्ता. माझी मुलगी!

घरी बातमी सांगितली. मुक्तानं हातातली पोळी खाली ठेवली. "बाबा, तू? कोच?"

अनघा (माझी बायको, आणि पुण्याची) शांतपणे म्हणाली, "पंखा पुसायला स्टुलावर चढले, तर खाली उतरवायला शेजारी बोलवावे लागतात यांना."

मी ईर्ष्येला पेटलो. मोबाइलवर व्हिडिओ पाहून खांबाला धरून गर्रकन वळायचं कसं, ते शिकलो. घरात खांब नव्हता, म्हणून बेडरूमच्या दाराचं हँडल धरलं. मी वळलो. दारही वळलं. मग हँडल दाराला सोडून माझ्याबरोबर आलं, आणि आम्ही दोघं चपलांच्या रॅकमध्ये!

दुसऱ्या दिवशी सुजलेला गुडघा घेऊन लंगडत मैदानावर गेलो, तर ईश्वरी नावाची चिमुरडी विचारते, "सर, तुम्हाला बाद धरायचं का?"

तरीही संघ फायनलला पोचला. (मी रोज फक्त "शाब्बास" आणि "पाणी प्या" एवढंच म्हणत होतो. कदाचित म्हणूनच!)

फायनलचा शेवटचा डाव. समोरची आणखी एक मुलगी बाद केली की कप आमचा. मुक्ता तिच्या मागे सुसाट सुटलेली. पालकांत अनघा व्हिडिओ काढतेय. माझ्यातला कोच अचानक जागा झाला, आणि मी रेषेबाहेरून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "खो!"

(हा शब्द धावणाऱ्या मुलीनं, बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून म्हणायचा असतो. भूगोलाच्या मास्तरनं नव्हे!)

ईश्वरी आज्ञाधारक. ती उठली आणि धावत सुटली. आता आमच्या दोन मुली एकाच वेळी पळतायत! शिट्टी वाजली. फाउल! हाताशी आलेली मुलगी निसटली ती निसटलीच.

पंच माझ्याकडे आले. "सर, आपण खेळताय का?"

"नाही, मार्गदर्शन करतोय."

"अस्सं. ते गेटबाहेर जाऊन करा."

पालकांतून टाळ्या पडल्या. पहिली अनघाची!

गेटबाहेर मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. माझ्यामुळे पोरींचं मैदान जाणार! तेवढ्यात मुक्ताचा आवाज आला, अगदी शांत. "ईश्वरी, रडू नको. पाठीला हात लागेपर्यंत कुणी उठायचं नाही. चला!" घरी पाण्याची बाटली सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेणारी मुलगी ती हीच? मला भरून आलं.

मग पावलांची धावपळ, एक खणखणीत "खो!", शिट्टी, आणि नुसता जल्लोष!

गेट उघडलं. कप उंचावत सगळ्या पोरी थेट माझ्याकडे धावत आल्या. मी डोळे पुसले, हात पसरले. आणि खांबाला घालावा तसा मला दोन्ही बाजूंनी वळसा घालून त्या माझ्या मागच्या बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर तुटून पडल्या!

मुख्याध्यापिकाबाई येऊन म्हणाल्या, "मैदान मुलींचंच! आपलं मार्गदर्शन अमूल्य हं."

मुक्तानं माझ्या हातात एक काला खट्टा ठेवला. "बाबा, पुढच्या मॅचला येशील ना?"

"येऊ?" मी गोळा तसाच हातात धरून विचारलं.

"ये की. इथपर्यंत."

पुढच्या मॅचला मी वेळेआधीच हजर झालो आणि पंचांना उगाच त्रास नको, म्हणून स्वतःच गेटबाहेर जाऊन उभा राहिलो!